सरळ धावणाऱ्या गाडीला वळायला शिकवताना

अमेरिकी मसल कार ही मुळात सरळ रस्त्याची गाडी. पुढे जडशीळ व्ही-८ इंजिन, मागे पाट्यांवर टांगलेला अखंड ॲक्सल, आणि एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत कोण आधी पोहोचतं एवढीच चुरस. वळण आलं की वेग कमी करायचा, हे त्या काळी गृहीतच धरलेलं होतं. ऑटोक्रॉस नेमकी तिथेच परीक्षा घेतं. मोकळं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी, तिच्यावर नारिंगी शंकू मांडून आखलेला नागमोडी मार्ग, एका वेळी एकच गाडी, आणि प्रतिस्पर्धी म्हणजे घड्याळ. फेरी बहुधा मिनिटभरातच आटोपते आणि गाडी बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. शंकू पाडला तर वेळेत दोन सेकंदांची भर पडते. अमेरिकेत हा खेळ मुख्यतः एससीसीए, म्हणजे स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, ‘सोलो’ या नावाने चालवते. डेट्रॉइट, टेक्सास, कॅलिफोर्निया इथे राहणाऱ्या आणि गॅरेजमध्ये एखादी जुनी मस्टँग किंवा कमॅरो हौसेने बाळगणाऱ्या मराठी वाचकांना हा छंद परवडण्यासारखा आहे. गाडी रोजच्या रस्त्यावरची चालते, नवशिक्यांसाठी वेगळा वर्ग असतो, आणि स्पर्धकांना आळीपाळीने मैदानात उभं राहून पडलेले शंकू उचलावे लागत असल्यामुळे इतरांच्या गाड्या जवळून पाहायला मिळतात.

अशा गाडीत पहिला डॉलर कुठे घालायचा, हा खरा प्रश्न आहे. बहुतेक जण इंजिनात घालतात. माझं मत उलटं आहे. पुढच्या चाकांची भूमिती आणि टायर हे दोन सोडून बाकी सगळं नंतर. यामागचं कारण सांगण्यासाठी एकच गाडी उदाहरणाला घेतो, १९६५-६६ ची फोर्ड मस्टँग. तिच्यावर इतकं काम झालं आहे की काय केलं की काय होतं हे बऱ्यापैकी ठरून गेलेलं आहे.

मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये बाजारात आली तेव्हा तिच्या देखण्या पत्र्याखाली फाल्कन या साध्या घरगुती गाडीचा सांगाडा होता. माजी रेसर कॅरोल शेल्बी यांनी तिच्यातून रेसची गाडी काढायचं ठरवलं, आणि एससीसीएच्या नियमाप्रमाणे तशा किमान शंभर गाड्या तयार करून जीटी ३५० जन्माला घातली. फेब्रुवारी १९६५ मध्ये टेक्सासच्या ग्रीन व्हॅली ट्रॅकवर शेल्बींचे ड्रायव्हर केन माइल्स यांनी ती पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखवली, आणि पुढे १९६५, ६६ आणि ६७ अशी सलग तीन वर्षं बी-प्रॉडक्शन वर्गाचं राष्ट्रीय विजेतेपद या गाडीकडे राहिलं. त्या यशात इंजिनाचा वाटा होताच, पण सस्पेन्शनमधले जे बदल तेव्हा झाले तेच आजही घरच्या गॅरेजमध्ये करता येतात, म्हणून ते समजून घेण्यासारखे आहेत.

मात्र नवीन पार्ट मागवण्याआधी जुनी गाडी तपासा. साठ वर्षांचं रबर रबर राहत नाही, त्याचा खडू होतो. पुढची बाजू जॅकवर घ्या, स्टँड लावा (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका), आणि चाक वरून व खालून धरून हलवून पाहा. खटखट आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेला. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा. इथे प्ले असेल तर टाय रॉडची टोकं, आयडलर आर्म किंवा स्टिअरिंग बॉक्स. स्टिअरिंग बॉक्स ज्या पत्र्याला बोल्टने बसतो तिथे तडा आहे का ते बघा, आणि शॉक टॉवर, म्हणजे इंजिनच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले पत्र्याचे बुरूज, वेल्डिंगच्या जोडापाशी फाटलेत का तेही बघा. या गाड्यांत ते फाटतात. मागे पाट्यांच्या डोळ्यातले बुश आणि पाटे जिथे बॉडीला जोडले जातात तिथला गंज, एवढं पाहिलं की तुम्हाला गाडीची खरी तब्येत कळेल. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा फोटो कुणाला दाखवता येत नाही, म्हणून लोक ते टाळतात. आणि मग सैल बुशवर महागडे शॉक बसवून गाडी का डोलते म्हणून विचारत फिरतात.

टायरबद्दल थोडक्यात. एससीसीएमध्ये जुन्या-नव्या अमेरिकी मसल गाड्यांसाठी सीएएम नावाचा वर्ग आहे आणि त्यातला ‘ट्रॅडिशनल’ हा उपवर्ग तुमच्या गाडीसाठीच आहे. तिथे टायरचा ट्रेडवेअर, म्हणजे टिकाऊपणाचा, आकडा किमान २०० लागतो. १५ बाय ७ इंचाच्या रिमवर २२५/५० आर १५ हा टायर १९६५-६६ च्या बहुतेक मस्टँगमध्ये पुढेमागे बसतो. त्याहून रुंद जायचं असेल तर रिमचा ऑफसेट आणि मडगार्डची आतली कड आधी मोजा, मग पैसे द्या. चांगला टायर एका दिवसात जेवढा फरक दाखवतो तेवढा दुसरा कोणताही एक पार्ट दाखवत नाही.

पण टायर रस्त्याला पूर्ण टेकला तरच. आणि इथे मूळ मस्टँग कमी पडते. कारखान्यातून निघताना या गाडीचे कोन त्या काळच्या बायस-प्लाय टायरना धरून ठरवलेले होते, कॅम्बर (चाकाचा माथा आत किंवा बाहेर झुकण्याचा कोन) शून्याच्या जवळपास आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो मागे झुकण्याचा कोन) नावापुरता. शिवाय वळणात गाडी बाहेरच्या बाजूला कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही गाडीबरोबर बाहेर झुकतो. सगळा भार त्याच चाकावर आणि ते मात्र टायरच्या बाहेरच्या कडेवर उभं. स्टिअरिंग फिरवाल तेवढं ओरडतं, पण नाक सरळच जातं. मसल कार पुढून ‘ढकलते’ असं सगळे म्हणतात त्याचं मूळ हे आहे. वजनाचा निम्म्याहून जास्त वाटा पुढच्या चाकांवर असतो हे दुसरं कारण, पण ते सहजी बदलता येत नाही.

यावर उपाय आहे वरच्या कंट्रोल आर्मची आतली बिजागरी एक इंच खाली घेणं. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी ही भूमिती मांडली आणि शेल्बींच्या गाड्यांवर ती वापरली गेली, म्हणून तिला कुणी आर्निंग ड्रॉप म्हणतं, कुणी शेल्बी ड्रॉप. कल्पना साधी आहे. बिजागरी खाली आली की आर्म आतल्या बाजूला उतरता होतो. मग गाडी कलून बाहेरचं चाक बॉडीच्या तुलनेत वर सरकलं की आर्मचं बाहेरचं टोक कमानीत वर जाता जाता आत ओढलं जातं आणि चाकाचा माथाही आत येतो. टायर जमिनीला सपाट टेकलेला राहतो. त्याशिवाय पुढचा रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, थोडा उंचावतो, म्हणजे गाडी कमी कलते, आणि स्प्रिंग या वरच्याच आर्मवर बसलेली असल्यामुळे गाडीचं नाक साधारण अर्धा इंच खालीही येतं.

खर्च जवळपास काहीच नाही. शॉक टॉवरमध्ये प्रत्येक बाजूला दोन नवी छिद्रं पाडायची. त्यासाठी धातूचा किंवा कागदाचा तयार टेम्प्लेट मिळतो. तो वापरा, डोळ्यांनी अंदाज घेऊ नका. आधी बारीक बिट, मग मोठं, आणि छिद्र सरळ राहिलं पाहिजे. १९६७ पासूनच्या मस्टँगचं माप वेगळं आहे, तेव्हा आपल्या वर्षाचाच टेम्प्लेट घ्या. एक सावधगिरी इथे ठळकपणे सांगतो. या गाडीची पुढची स्प्रिंग टॉवरच्या आत दाबून बसवलेली असते आणि ती काढायला त्याच रचनेसाठी बनवलेला स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतो. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो किंवा जीव जातो. हे काम पूर्वी केलेला माणूस शेजारी नसेल तर हा एक टप्पा मेकॅनिककडून करून घ्या.

कमॅरोवाल्यांनी निराश होऊ नये. १९६७ ते ६९ च्या कमॅरोत स्प्रिंग खालच्या आर्मवर असते, पण दोष तोच, चाक वर गेलं की कॅम्बर चुकीच्या दिशेला जातो. तिथेही वरच्या आर्मची जागा बदलण्याची युक्ती आहे आणि रेसर डिक गुल्डस्ट्रँड यांच्या नावाने ती ओळखली जाते. शिवाय कमॅरोचा पुढचा सबफ्रेम रबरी बुशांवर बॉडीला जोडलेला असतो. ते बुश बदलून ॲल्युमिनियमचे घातले की स्टिअरिंगला तत्काळ धार येते.

भूमिती सुधारली की अलाइनमेंट. दुकानदार संगणकावर गाडीचं वर्ष टाकून १९६५ चेच आकडे लावायला बघेल. त्याला तुमचे आकडे कागदावर लिहून द्या. रोज चालवायची असेल तर कॅम्बर उणे १ अंश, कॅस्टर अधिक ३ अंश, टो (वरून पाहता चाकांची पुढची टोकं आत की बाहेर वळलेली ते) किंचित आत. मुख्यतः ऑटोक्रॉससाठी असेल तर कॅम्बर उणे दीड ते अडीच, कॅस्टर ३ ते ५, आणि टो शून्य किंवा जरासा बाहेर. टो बाहेर ठेवला की गाडी वळणात पटकन शिरते, पण हायवेवर ती भिरभिरते आणि टायरही खाते, हे लक्षात असू द्या.

कॅस्टर वाढवण्यासाठी स्ट्रट रॉड लागतो. मस्टँगचा खालचा आर्म एकाच दांड्यासारखा असतो आणि त्याला पुढेमागे सावरून धरणारी ही सळई रबरी बुशमधून पुढच्या चौकटीला जाते. ब्रेक दाबला की रबर दबतं, चाक मागे सरकतं आणि कॅस्टर बदलतो. इथे बाजारात कडक पॉलियुरेथेनचे बुश स्वस्तात मिळतात आणि पुष्कळ लोक ते घालतात. घालू नका. सळईला वरखाली हलायला जागाच उरत नाही, ती वाकत राहते आणि एक दिवस मोडते. घ्यायचाच असेल तर गोल सांधा असलेला, लांबी कमीजास्त करता येणारा स्ट्रट रॉड घ्या.

आता स्प्रिंग. दुकानात ५६० ते ६२० पौंड प्रति इंच अशा स्प्रिंगा पाहून छाती दडपते, पण चाकाला तेवढा कडकपणा लागत नाही. स्प्रिंग आर्मच्या मध्ये कुठेतरी बसलेली असते. चाक एक इंच हललं आणि स्प्रिंग अर्धाच इंच दबली, तर चाकापाशी कडकपणा निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो, कारण हे गुणोत्तर वर्गात मोजावं लागतं. म्हणूनच दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगचा आकडा आपल्या गाडीला लावण्यात काही अर्थ नसतो. वर सांगितलेल्या पल्ल्यातली, गाडी इंचभर खाली आणणारी स्प्रिंग या कामाला पुरते. मूळ स्प्रिंगचं वेटोळं टॉर्चने तापवून गाडी खाली बसवण्याचा उद्योग मात्र कुणी सुचवला तर त्या गॅरेजची पायरी पुन्हा चढू नका.

अँटी-रोल बारबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. बार वजनाचं स्थलांतर थांबवत नाही. वळणात आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर किती भार जाणार हे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. बार फक्त दोन गोष्टी करतो. गाडीचं कलणं कमी करतो, आणि त्या भारातला पुढचा वाटा किती व मागचा किती हे ठरवतो. पुढचा बार जाड केला की पुढचा वाटा वाढतो, म्हणजे तत्त्वतः गाडी आणखी ढकलायला हवी. पण जुन्या मस्टँगमध्ये कलणं कमी होऊन कॅम्बर वाचतो तो फायदा मोठा असल्यामुळे एक इंची पुढचा बार जवळजवळ नेहमी उपयोगी पडतो. त्यापुढे जपून जा. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे एक इंचावरून सव्वा नव्हे, नुसता एक अष्टमांश इंच जाड बार घेतला तरी तो साठ टक्क्यांनी कडक होतो. मागचा बार सुरुवातीला घेऊच नका. तो वळणातून बाहेर पडताना आतलं मागचं चाक उचलतो आणि तेच चाक धूर काढत जागच्या जागी फिरत राहतं.

शॉक अब्सॉर्बर चांगले घ्या, एवढंच सांगतो. कोनीचे ॲडजस्टेबल शॉक जीटी ३५० वर होते आणि आजही मिळतात. बिलस्टाइनही उत्तम. ऑटोक्रॉसमध्ये गाडी डावीकडून उजवीकडे सतत फेकली जाते आणि ती किती लवकर स्थिरावते हे शॉकवर ठरतं.

मागच्या बाजूला अभियंते नाक मुरडतात, पण पाट्यांवरचा अखंड ॲक्सल ऑटोक्रॉसला वाटतो तितका वाईट नाही. डांबर सपाट असेल तर तो मागची दोन्ही चाकं जमिनीला सरळ धरून ठेवतो. त्याचे दोष दोन. जोरात थ्रॉटल दिला की पाटे पिळवटून एस आकाराचे होतात आणि चाकं उड्या मारतात. आणि वळणात ॲक्सल बॉडीखाली आडवा सरकतो. पहिल्यावर शेल्बींनी ॲक्सलच्या वरून जाणारे ट्रॅक्शन बार लावले होते. शेवरलेने १९६८ च्या कमॅरोत दोन शॉक ॲक्सलच्या पुढेमागे तिरपे लावून तोच त्रास कमी केला. तुम्ही साडेचार पानी, मधल्या डोळ्याचे पाटे बसवा, उड्या बऱ्याच कमी होतील आणि मागची बाजूही खाली येईल. बुश निवडताना पुढच्या डोळ्यात थोडा कडक चालेल, पण मागच्या शॅकलमध्ये रबर राहू द्या. गाडी कलली की पाट्याला पीळ घ्यावा लागतो. दोन्ही टोकं करकचून बांधली तर तो पीळ घेता येत नाही आणि मागची बाजू अचानक सुटते. आडव्या सरकण्यावर पॅनहार्ड रॉड किंवा वॉट लिंकेज हा उपाय आहे, पण तो दुसऱ्या हंगामाचा विषय. त्याआधी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल घ्या. ते सस्पेन्शनचा भाग नाही हे मान्य, पण त्याच्याविना ताकद आतल्या चाकातून उडून जाते.

स्टिअरिंगचं दुखणं असं की मूळ बॉक्स फार सावकाश फिरतो आणि शंकूंच्या रांगेत हात कमी पडतात. १६ ला १ गुणोत्तराचा बॉक्स बसवला की सुटका होते. रॅक-अँड-पिनियनचे संच मिळतात, पण आकर्षक जाहिरातीवर जाऊ नका. टाय रॉड आणि खालचा आर्म यांच्या कमानी जुळल्या नाहीत तर खड्ड्यावरून जाताना चाकं आपोआप वळतात, त्यालाच बम्प स्टिअर म्हणतात. तो घरी मोजता येतो. स्प्रिंग काढा, शॉक सोडवा, चाक जॅकने अर्ध्या-अर्ध्या इंचाने वर घ्या आणि दर वेळी टो किती बदलला ते टेपने मोजून लिहा. गाडी खाली केल्यावर हे मोजणं आवश्यकच आहे. चूक असेल तर टाय रॉडच्या टोकाशी वायसरसारखे स्पेसर घालून ती दुरुस्त होते.

बॉडीही ताठ हवी. दोन शॉक टॉवरना जोडणारा माँटे कार्लो बार, टॉवरपासून फायरवॉलपर्यंतचा एकसंध एक्स्पोर्ट ब्रेस, आणि खालून पुढची-मागची चौकट जोडणारे वेल्ड केलेले सबफ्रेम कनेक्टर. कन्व्हर्टिबल असेल तर हे शेवटचं काम सगळ्यात आधी करा, नाहीतर तुम्ही स्प्रिंग बदलत राहाल आणि वाकत राहील बॉडी.

मैदानावर गेल्यावर एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेरीची नोंद वहीत. सुरुवातीचा बदल हवेचा दाब हाच असू द्या. ३५ पीएसआयच्या आसपास सुरू करा, टायरच्या बाहेरच्या कडेवर आणि बाजूवर खडूच्या रेघा ओढा. फेरीनंतर रेघ बाजूवरूनही पुसली गेली असेल तर टायर दुमडतो आहे, दाब वाढवा. कडेपर्यंतही पुसली नसेल तर कमी करा. गाडी ढकलत असेल तर पुढचा दाब जरा कमी-जास्त करून पाहा, मग शॉक, मग कोन. आणि मार्ग पायी चालून पाहा, पुन्हा पुन्हा पाहा. पहिल्या वर्षात वेळ जितकी ड्रायव्हरमुळे कमी होते तितकी कोणत्याही पार्टमुळे होत नाही, आणि आयोजक अनुभवी स्पर्धकाला शेजारी बसवून शिकवू देतात, त्याचा फायदा घ्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी दोन ओळी. आपल्याकडे ऑटोक्रॉस बहुतेक मातीवर होतं, तिथे गाडीला उंची आणि लांब प्रवास देणारी स्प्रिंग लागते, वरचं पुष्कळसं उलटं पडतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलांपेक्षा वेगळ्या बदलांना आडवं येतं, तेव्हा कुठलंही छिद्र पाडण्याआधी आरटीओत विचारा. २०१६ मध्ये फोर्डने भारतात आणलेली मस्टँग जीटी तुमच्याकडे असेल तर तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे. टायर, ब्रेक पॅड आणि नीट केलेलं अलाइनमेंट एवढ्यावर ती खूश राहते.

स्पर्धेच्या सकाळी तांत्रिक तपासणी होते. बॅटरी घट्ट बांधलेली असावी, थ्रॉटल सोडल्यावर पूर्ण परतावा, चाकाच्या बेअरिंगला प्ले नसावा, गाडीत सुटं सामान नसावं, आणि हेल्मेट मान्यताप्राप्त असावं. हेल्मेट नसेल तर बहुतेक ठिकाणी उसनं मिळतं. आणि पहिला दिवस संपल्यावर घरी निघण्याआधी टॉर्क रेंच काढून पाट्यांचे यू-बोल्ट, वरच्या आर्मचे बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा कसून घ्या. नवे बसवलेले बोल्ट पहिल्या दिवसानंतर थोडे सैल होतातच.